निवृत्तीभाऊंची हिरवळ

भाजे गावच्या निवृत्तीभाऊंना कुणी रस्ता विचारला की झालंच! लोहगडाची वाट विचारणाऱ्याला ते चारी बाजूंचे डोंगर, किल्ले, लेणी, धबधबे, सगळं ऐकवूनच सोडत. स्वतः मात्र दहा वर्षांत गडावर फिरकले नव्हते. शेतातून सवड कुणाला होती?

जूनच्या अखेरीस पुण्याची इरावती नावाची मुलगी मोबाइल पुढं धरून म्हणाली, "काका, प्रवाशांसाठी मावळच्या माहितीचा व्हिडिओ करतेय. गर्दी नसलेली एखादी जागा सांगा ना." भाऊंची छाती फुगली. "माज्या शेतावर या की! तिन्ही अंगांनी डोंगर, खाली ओढा. तितं चिटपाखरू येत न्हाई." वर पत्ताही सांगितला, अगदी वळणावळणासकट. बायको मुक्ताबाई मागून हातानं नको नको करत होती, पण रंगात आलेला नवरा कुणाचं ऐकतो?

पुढच्या रविवारी भाऊ शेतावर गेले, तर काय! व्हिडिओ बघून आलेली पंचवीस-तीस माणसं! पालापाचोळ्याचा राब भाजून, बी टाकून वाढवलेलं भाताचं रोप, वीतभर, पोपटी. त्यावर चादरी अंथरून मंडळी डब्यातले पोहे खात होती. एक जण तर चक्क लोळत होता. "काय लॉन ठेवलंय हो काका!" त्यानं कौतुक केलं. घरच्या वर्षभराच्या भाताची सगळी भिस्त त्या दोन गुंठ्यांवर होती. भाऊंना रडू यायचंच बाकी होतं. पण आपणच आवतण दिलेल्या पाहुण्यांना हाकलायचं कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काका, आमचा एक ग्रुप फोटो काढता?"

"व्हय व्हय! पर डोंगर न्हाई येत. मागं सरा. चादरी बी उचला, बऱ्या दिसत न्हाईत. आजून मागं..." असं करत करत भाऊंनी सगळी टोळी बांधापलीकडं ओढ्याकाठी नेली.

रोप मात्र निम्मं चेपलं होतं. लावणीला पुरणार नव्हतं. संध्याकाळी भाऊ मान खाली घालून धाकट्या भावाच्या, भिकाजीच्या दारात उभे राहिले. बांधाच्या भांडणावरून दोघांत पाच वर्षं अबोला होता.

भिकाजीनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे विशेष.

"लावणीला माज्यातलं रोप ने, दादा," तो म्हणाला. "फकस्त माजं शेत कुटं हाय, ते कुणाला सांगू नगंस."