भट्टीवाला, ताई आणि टाकीवरचा रिपीटर

आमच्या बेकरीवाल्याला सगळे भट्टीवाला म्हणतात, ते पावापेक्षा तापट डोक्यामुळे जास्त. टेकडीपलीकडे एकटी राहणारी त्याची थोरली बहीण मात्र या बाबतीत त्याच्याही वरताण. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, पण जिभेला कधी टाका घातला नाही. फोनवर दोघं एकदम बोलत, दुसऱ्या वाक्याला भांडण होई. शेवटी दोघांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. रेडिओवर एकानं बटण दाबलं की दुसऱ्याला गप्प बसावंच लागतं. भट्टीवाला सांगायचा, "ताईनं माझं पहिलं पूर्ण वाक्य ऐकलं ते रेडिओवर." तेव्हापासून दुपारचे पाव निघाले की तो पिठाच्या हातानं सेट उचलायचा आणि पलीकडे ताई शिलाईचं यंत्र थांबवायची.

मध्ये टेकडी, म्हणून पाण्याच्या टाकीवर हौशी रेडिओ क्लबचा रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे यंत्रांतली चुगलखोर शेजारीण, इकडचं ऐकायचं आणि तिकडे दुप्पट आवाजात सांगायचं. मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे ती उगाच नाही. तो सांभाळते चौकातली चष्मेवाली.

जुना रिपीटर थकला आणि नवा आला. हा जुन्या ॲनालॉग सेटचंही ऐकायचा आणि नव्या डिजिटल सेटचंही. फक्त जे ज्या रूपात आलं, त्याच रूपात पुढे पाठवायचा. त्याच सुमारास जावयानं भट्टीवाल्याला डिजिटल सेट दिला. मग काय, पाव घ्यायला गेलेल्याला आधी सेटचं दर्शन. आता खरखर अजिबात नको म्हणून यानं तो फक्त डिजिटलच ऐकेल असा करून टाकला. खरखर गेली. तिच्यासोबत जुन्या ॲनालॉग सेटवरची ताईही गेली, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

ताई उत्तर देत नाही म्हणजे रुसली, असं त्यानं ठरवलं. तिकडे ताईच्या जुन्या सेटमधून रोज दुपारी पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. भावानं नवं घेतलंय हे तिच्या कानावर होतं, पण मला तुझं कळत नाही असं धाकट्याला सांगेल ती ताई कसली! फोन कुणीच करेना. अखेर तिनं चष्मेवालीला निरोप धाडला, माझा सेट कुणा शिकणाऱ्याला देऊन टाक, आता त्याचा उपयोग नाही.

चष्मेवालीला संशय आला. दुपारी तिनं दुकानाच्या काउंटरवर एक जुना सेट ठेवला आणि शेजारी एक नवा, फक्त डिजिटल ऐकणारा. माझ्या चष्म्याचा स्क्रू नेमका तेव्हाच सैल झाला होता, असं समजा.

नव्या सेटमधून भट्टीवाला बोलला, "ताई, गुडघा कसा आहे? अजून राग आहे का?" त्याच वेळी जुन्यातून नुसते वाटाणे.

तो थांबला, आणि जुन्या सेटमधून ताईचा आवाज आला. "बारक्या, हा तूच आहेस. वाक्य संपलं की तू दम घेतोस, तिथं ही खरखर थांबते. काय म्हणतोस ते कळत नाही रे. पण मी ऐकतेय. उद्या सेट देऊन टाकेन."

नवा सेट गप्प. त्यावर फक्त एक बारीक हिरवा दिवा पेटला होता, कुणीतरी बोलतंय एवढंच सांगणारा. ताई थांबली, दिवा विझला आणि मग भट्टीवाला म्हणाला, "ताई, रोज मध्येच कुणीतरी येतं बघ. दिवा लागला की मी थांबतो. कुणाचं बोलणं तोडू नये."

चष्मेवालीच्या हातातली काच तशीच राहिली. ती दोघं एकमेकांना वाट देत, एकमेकांसाठी थांबत रोज बोलत होती. तो स्वतःच्याच बहिणीचं बोलणं संपायची वाट बघत होता. ही सगळी माया आमच्या डोक्यावरून, टाकीवरून, भिंतींमधून जात होती आणि आम्ही खाली चष्मे पुसत बसलो होतो.

चष्मेवालीनं कॉम्प्युटरवरून रिपीटरची मांडणी बदलली. कोणत्याही रूपात येवो, बाहेर जाताना ॲनालॉगच. मग ती तडक बेकरीत गेली, मागोमाग मी. भट्टीवाल्याचा सेट तिनं दोन्ही ऐकेल असा केला आणि म्हणाली, "भाऊजी, आता बोला. ती रुसलेली नाही."

त्यानं बटण दाबलं. "ताई, गुडघा कसा आहे?"

त्याचा आवाज त्या सेटमध्ये आकड्यांचा चुरा होऊन टाकीवर चढला, तिथं पुन्हा आवाज झाला आणि ताईच्या जुनाट सेटमध्ये उतरला. कसं, ते चष्मेवालीनं मला समजावलंय. समजलं तरी आश्चर्य कमी होत नाही.

मग ताई, अगदी हळू, "बारक्या, आवाज तुझाच आहे. पण मागची भट्टी ऐकू येत नाही. बंद केलीस का रे?"

नवा सेट बोलणं तेवढं उचलतो, मागचं सगळं पुसून टाकतो. भट्टीवाल्याला ते कुठलं माहीत? त्यानं भट्टीचं दार उघडलं आणि सेट धगीसमोर धरला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता येतंय का ऐकू?"

"नाही," ताई म्हणाली. "तू बोल."