समोरच्या बाईंची कार्डं

मुकुंदवाडीत आमच्या समोर राहणाऱ्या बाई मार खाल्लेल्या बायकांसोबत पोलीस चौकीत जायच्या. चहा बशीत ओतून प्यायच्या, पण नजर कायम दाराकडं. त्यांना धमक्या यायला लागल्या, तसं कुठल्याशा संस्थेनं त्यांचं नाव-पत्ता परदेशात कळवला आणि तिथल्या अनोळखी बायकांची धीर देणारी इंग्रजी कार्डं टपालानं येऊ लागली. बाई मला अर्थ सांगायच्या, "ऐका ताई, ही लिहिते, तुम्ही एकट्या नाही. हिला मुकुंदवाडी कुठं आहे ते तरी ठाऊक असंल का?" आणि लई हसायच्या.

एका दुपारी दोघांनी त्यांची खिडकी फोडली. मी दाराआडून दोघांनाही ओळखलं. बाईंनी फुटक्या काचेवर तीच कार्डं चिकटवली आणि मला विचारलं, "ताई, चौकीत सांगाल का?"

"मी झोपले होते."

"व्हय, दुपारची झोप लागतेच," म्हणाल्या. पुन्हा कधी विचारलं नाही.

महिन्याभरात त्याच दोघांनी त्यांना रस्त्यात गाठलं. बाई दवाखान्यातच वारल्या.

कार्डं अजून येतात. घराला कुलूप आहे म्हणून पोस्टमन माझ्याकडं देतो. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी वाचता येत नाही. काल त्यानं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"कुणी नाय," मी म्हटलं. "समोर राहते."