झोप उडवणाऱ्या गोळ्या आणि अडीचशे शब्द

दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरातली आमची खोली इतकी लहान होती की एकाने श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नसे. तिथे आम्ही तिघे कलेक्टर व्हायला आलो होतो: मी परभणीचा, एक सांगलीकर आणि एक लातूरकर.

लातूरकराचा यूपीएससीचा चौथा अटेम्प्ट. अभ्यासात झोप येऊ नये म्हणून तो गोळ्या घ्यायला लागला. आधी अर्धी, मग एक, मग आम्ही मोजणं सोडलं. महिन्याभरात त्याच्या पापण्या मिटेनाशा झाल्या. भिंतीवरची पाल त्याच्या नजरेला नजर देऊन दोन दिवस टिकली, तिसऱ्या दिवशी खोली सोडून गेली. हात असे थरथरायचे की त्याच्या चहाला चमचा लागत नसे.

"याच्याशी बोलायला पाहिजे यार," सांगलीकर म्हणाला.

बिल्कुल. पण बोलतात कसं, ते आम्ही विसरलो होतो. डाळीत मीठ जास्त पडलं तरी आमच्यात प्रस्तावना, कारणं, परिणाम, उपाय अशीच चर्चा व्हायची. म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोघांनी कागद घेतले आणि प्रश्न काढला: तरुणांमधील व्यसनाची कारणे सांगा. शब्दमर्यादा अडीचशे.

"मला वगळून टेस्ट देता काय रे?" म्हणत लातूरकरही बसला आणि सात मिनिटांत उत्तर लिहून मोकळा.

देवाशपथ सांगतो, असं उत्तर अख्ख्या दिल्लीत कुणी लिहिलं नसेल. घरापासून तुटलेपण. वारंवारचं अपयश. गावाच्या अपेक्षा. सिनियर घेतात म्हणून आपणही घेणं. मन मोकळं करायला कुणी नसणं. सहज उपलब्धता. वर बाणांची आकृती. आम्ही दहापैकी आठ दिले.

"दोन कुठे कापले?"

"उदाहरणं नाहीत भावा."

त्याने कागद ओढला आणि प्रत्येक मुद्द्यापुढे लिहीत गेला. उदा. मी. उदा. मी. उदा. मी. सहज उपलब्धतेपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव लिहिलं.

खरंच होतं. दूध आणायला गेलो की केमिस्टकडून त्याच्या गोळ्या मीच आणायचो. मित्र म्हणून.

"उपाय लिही की," मी कसाबसा म्हणालो.

"शब्द संपले," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिन में कितनी लेते हो?"

"मॅडम, इसके तीन आयाम हैं..."

"बेटा, नंबर बताओ."

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "नौ."

"आज से बंद. हर हफ्ते यहाँ आओगे."

"मेन्स के बाद?"

"मेन्स तक बचोगे तब ना!"

खोलीवर येऊन त्याने खिशातून, मोज्यातून, उशीच्या अभ्र्यातून इतक्या गोळ्या काढल्या की केमिस्टने दुकान बंद करून सुट्टीवर जावं. सगळ्या मी संडासात ओतल्या. मग तो दाराला पाठ लावून आडवा झाला आणि तिथेच झोपला. घोरणं असं की घरमालक जनरेटर कुणी आणला म्हणून विचारायला आला.

दार आत उघडणारं. दोन वाजता आमची टेस्ट.

"सरकवू का जरा?" सांगलीकर कुजबुजला.

"हात लावून तर बघ."

आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो. टेस्ट बुडाली. पाचच्या सुमाराला त्याने कूस बदलली आणि दार वीतभर किलकिलं झालं. सांगलीकराने ते हळूच परत लावून घेतलं.