साडूंचं मंजन

आमच्या साडूंइतका तोंडाचा सोवळा माणूस अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही, आणि त्या सोवळ्यानंच त्यांचं वाटोळं केलं. मी धारला, ते देवासला. पण लग्नकार्यात मी त्यांच्याच शेजारचं पान पटकवायचो, कारण वाढपी तिथेच घुटमळत. बाफल्यांवर, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर, तूप पडायला लागलं की "बस" हा शब्द यांच्या तोंडून निघत नसे. एकदा एक विहीणबाई घाबरून म्हणाल्या, "अहो, पोटाला तड लागेल!" तर म्हणतात, "लागू द्या, शिवून घेऊ." पुढे गुडघ्यांनी हात टेकले, साखर चढली, आणि इंदूरला खरोखरच पोट लहान करून शिवून घ्यावं लागलं.

माणूस निम्मा झाला. गुडघे सुधारले, साखर उतरली. खोटं कशाला बोलू, त्या ऑपरेशननं जीव वाचवला. पण घासभर जास्त गेलं की उलटी. आणि उलटीचं तोंड क्षणभर ठेवतील तर ते साडू कसले! तडक मोरीवर जायचं आणि मीठ-कोळशाच्या घरगुती मंजनानं खसाखसा दात घासायचे. माझी मेव्हणी ओरडायची, "अहो, दात आहेत की कढई?" दातांच्या डॉक्टरनं बजावलं, की उलटीच्या आंबटानं दात नरम पडतात, तेव्हा नुसती चूळ भरा, घासायचं नंतर. साडू भडकले. "म्हणजे ओकल्या तोंडानं देवापुढे बसू? आमच्या घराण्यात कुणी बसलं नाही!" मंजन चालू राहिलं आणि दात एकेक करून गेले. कवळी केली, पण वजनाबरोबर हिरड्याही सुकलेल्या. बोलता बोलता ती सटकायची. मग त्यांनी पंगतीला जाणंच सोडलं. हसताना तोंडाशी रुमाल धरायला लागले. एवढा मोकळा हसणारा माणूस, फार वाईट वाटतं हो.

परवा देवासला गेलो होतो. मेव्हणीनं माझ्यापुढे शेवेची बशी ठेवली, त्यांच्यापुढे वाटीभर पातळ दलिया. "शुगर एकदम नॉर्मल आहे यांची," ती कौतुकानं म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. साडूंनी दलियाची वाटी बाजूला सारली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच म्हणाले, "भिया, जरा जोरात चावा ना. ऐकू तर येऊ द्या."

मी चावत राहिलो. ते डोळे मिटून ऐकत होते. थांबायची माझी हिंमत झाली नाही.