आधी इंजिन बसेल, मग माय

नवी गाडी घरी आली की लोक पेढे वाटतात. मी नियम वाटले. काटा पंचेचाळीसच्या वर जाणार नाही. गाडीत मी सोडून कोणी बसणार नाही. आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर आतलं तेल काढून योग्य ते तेल घातल्याशिवाय गाडी लांबच्या वाटेला लागणार नाही. मी गडचिरोलीला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घर्षण हा माझा हातखंडा धडा होता, म्हणून हे सगळं मला फार कळतं असा माझा समज होता. नागपूरहून गाडी आणताना नागभीडच्या अलीकडे एक मोपेडवाला मला ओलांडून गेला, आणि जाताना तीनदा वळून पाहिलं त्यानं. पाहू दे म्हटलं, गाढवाला काय कळतं इंजिनातलं!

माझ्या मायला मात्र एकच गोष्ट हवी होती. छप्पन साली ती मला कडेवर घेऊन खासरात, म्हणजे आमच्याकडच्या लहान बैलगाडीत, बसून चंद्रपूरला दीक्षेला गेली होती. तेव्हापासून दर ऑक्टोबरात ती विहारातल्या बायांबरोबर एसटीनं जायची. यंदा तिला दीक्षेच्या त्या मैदानाच्या फाटकाशी लेकाच्या गाडीतून उतरायचं होतं. पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून तयार होतं. सगळ्या मोहल्ल्याला सांगून झालं होतं. बारा दिवस उरले होते आणि गाडीच्या मीटरवर दोनशेसुद्धा नव्हते.

तेलासाठी मी आमच्या गावच्या जीप-ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला घरी बोलावलं. गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात तेलाचा जो नंबर छापला होता, त्याचं तेल गावात कोणी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, तेल पातळच टाकजा. पाचशे किलोमीटरात इंजिन बसलं पाह्यजे."

माय ओसरीत तांदूळ निवडत होती. सूप आपटून उठली.

"तुह्या तोंडात माती! माह्या पोराची नवीकोरी गाडी, अन् तू बसवून राह्यला?"

"बाई, तसं नाई. रिंगा बसते ना आतमंदी. बसल्यावरच गाडी मस्त चालते."

"घर बसलं म्हंजे काय झालं? विहीर बसली म्हंजे काय झालं? सांग मले!"

मिस्त्री पुन्हा बॉनेटात वाकला. मी मध्ये पडलो. पिस्टनच्या नव्या रिंगा खरखरीत असतात, त्या घासून घासून आपल्या जागेवर नीट बसतात, म्हणून सुरुवातीला गाडी हळू चालवायची, असा आख्खा धडा मी मायला शिकवला. तिनं शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली, "मंग मी कवा बसू?"

"आधी इंजिन बसू दे, मग तू," मी म्हणालो. आणि आपण फार हुशारीचं बोललो असं मला वाटलं, काय सांगू!

पुढच्या रविवारी माझा साळा आला. तो एसटीचा ड्रायव्हर. त्यानं पातळ तेलाचं नाव ऐकूनच कपाळाला हात लावला. "भाऊजी, पातळ तेल म्हंजे इंजिनाले पाणी पाजनं आहे. जाड टाका, चाळीस नंबर. माही लाल गाडी त्याच्यावरच पळते."

"तुझी लाल गाडी पळते?" मी म्हणालो. "ती आली की आमच्या शाळेच्या खिडक्या वाजतात!"

तो रुसून न जेवता गेला. बायको माझ्यावर चिडली. मी दोन्ही तेलांचे डबे आणून डिकीत ठेवले आणि रोज शाळा सुटली की एकटाच आरमोरीच्या रस्त्यानं जाऊन येऊ लागलो. येताना रोज वाटायचं, पातळच बरं. घरी पोचेस्तोवर वाटायचं, जाड. बायको म्हणाली, "तुमचं तेल ठरेस्तोवर गाडीचे केस पांढरे होतीन." तिलाही मी घर्षण समजावलं. तिनं दार लावून घेतलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मीटरवर चारशे साठ झाले होते. मी मायला म्हणालो, चाळीसच राहिले, उद्या सकाळी पूर्ण करतो, मग तेल बदलतो, दुपारी निघू. ती "हाव" म्हणाली. एवढंच.

सकाळी फटफटलं तेव्हा मी गाडी घेऊन चाळीस पूर्ण करायला निघत होतो. ओसरीत माय नव्हती. लुगडंही नव्हतं. बायको म्हणाली, "गेल्या. पहिल्या एसटीनं."

मी निघालो मागे. वैनगंगेचा पूल गेला, व्याहाड गेलं, सावली गेलं. आणि खरं सांगतो, त्या घाईतही माझा पाय पंचेचाळीसच्या वर दाबला जाईना. मूल गाव आलं तेव्हा लाल गाडी स्टँडवर उभी होती आणि ड्रायव्हर चहा पीत होता. माझाच साळा. त्यानं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माय खिडकीशी होती.

"माय, उतर."

"इंजिन बसलं का तुह्यं?"

आख्खी गाडी हसली. मी हात जोडले. ती म्हणाली, "एकटी नाई येत. ह्या तिघी संग येतीन." मी विहारातल्या त्या तिघींकडे पाहिलं. त्यांच्या पिशव्यांकडे पाहिलं. मनात पुस्तकातलं वजनाचं पान उघडलं, आणि मिटलं. "चला," म्हणालो.

त्या चौघी गाडीत मावेपर्यंत लाल गाडी सुटून पुढे गेली. मी तिच्या मागे लागलो, पंचेचाळीसनं. धूर सगळा आमच्या तोंडावर. मागे तिघी खोकत होत्या. माय शेजारी ताठ बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "लाल गाडीच्या मागंच पोचाचं होतं, त मी तिच्यातच होतो ना बाबू."

मी पाय दाबला. पन्नास. साठ. इंजिन ओरडलं, मीही आतून ओरडत होतो. पासष्टला आम्ही लाल गाडीच्या बरोबरीला आलो, साळ्यानं भोंग्यावर हात ठेवला तो काढेचना, मागच्या तिघींनी त्याला नावानिशी हाका मारल्या, आणि मायनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सगळ्या एसटीला हात हलवला.

पुढे रस्ता मोकळा होता. ती आत आली, पदर नीट केला. मी पाहिलं तर तिचे डोळे भरलेले.

"काय झालं, माय?"

"काई नाई. मले वाटे, तुह्यं तेल ठरेस्तोवर मी राह्यतो का नाई."

काटा सत्तरच्या पुढे गेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.