कोनाड्यात एकच

नातीच्या दप्तरातून परवा साळिंदराचा काटा निघाला आणि मला पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या घरातली, पांढऱ्या मातीने पोतारलेली भिंत दिसली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. धाकटी बहीण रानातून काटे, सागरगोटे, नदीतले रंगीत गोटे वेचून आणायची. मायला पसारा खपत नसे. "कोनाड्यात एकच वस्तू राहीन. नवी आणली का जुनी उकिरड्यावर," हा तिचा कायदा. बहीण निमूटपणे एक मांडायची, एक टाकायची. त्या पावसाळ्यात तिला तापाने धरलं. मूल गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बैलगाडीतून तिला घरी आणलं. दुपारी माय एकाएकी उठली, परसात गेली आणि दोन्ही हातांनी उकिरडा उकरू लागली. मी तिला ओढलं तर ओरडली, "सोड मले! तिचं सारं तिले वापस पाह्यजे!" शेणाने माखलेले काटे, गोटे तिने धुतले, कोनाडा गच्च भरला, मग खाटेभोवती, उशाशी, दिसेल तिथे मांडत सुटली. "पाह्य वं बाई, सारं ठेवलं. आता काईच नाई फेकत. ऊठ नं वं." बहिणीने डोळे उघडले, सगळीकडे पाहिलं आणि पुटपुटली, "माय, एवढा पसारा काऊन केला?" तेच तिचं शेवटचं बोलणं. पुढे दर दिवाळीला भिंत पोतारताना माय एकेक गोटा उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. परवा नातीचा काटा मी टेबलावर ठेवला. जागा नव्हती, पण तिला जुनं काहीच काढू दिलं नाही.