नवऱ्यापेक्षा बायकोच्या रक्तात शिसं जास्त

"नावं उलटी पडली असतील," मी लॅबवाल्यावर फोनवर खेकसले. "बायकोचा आकडा नवऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याचा बायकोच्या. परत बघा."

"मॅडम, दोनदा लावलं मशिनवर. बरोबरच आहे."

पूर्वीसारखा फोन आपटता येत नाही, म्हणून मोबाइल टेबलावर जोरात ठेवला आणि केबिनमध्ये फेऱ्या मारायला लागले.

नाशिकच्या एमआयडीसीत एका बॅटरीच्या कारखान्यात मी फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आहे. बॅटरीच्या आत शिशाच्या जाळ्या असतात, त्यांवर शिशाच्या पुडीचा लगदा थापतात. त्या खात्याला पेस्टिंग म्हणतात. शिसं एकदा अंगात गेलं की लवकर निघत नाही. म्हणून कामगारांचं रक्त अधूनमधून तपासायचं, आकडा चढला तर माणसाला दुसऱ्या खात्यात हलवायचं. या तपासणीला आम्ही 'ब्लड लेड' म्हणतो. पेस्टिंगमध्ये बायकांना ठेवतच नाहीत, कारण गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं नाळेतून थेट बाळाला मिळतं. वाढत्या मेंदूला ते फार वाईट. बायकांना तिथे ठेवत नाही याचा आमच्या एचआरला भारी अभिमान. कुणी पाहुणे आले की पहिलं तेच सांगतात.

आणि माझ्या समोरचा रिपोर्ट सांगत होता की पेस्टिंगमधल्या किशोर गांगुर्डेचा आकडा ठीक आहे, आणि कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या त्याच्या गरोदर बायकोचा त्याच्याहून बराच वर आहे.

तिचं रक्त मी का घेतलं, तर किशोर तपासणीला आला तेव्हा सहज बोलून गेला होता. "मॅडम, मिसेसचं एचबी काही वाढंना. गोळ्या खाते, गूळ-शेंगदाणे खाते. पोट सारखं दुखतं म्हणते."

"तिचे डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, गोळ्या नीट खात नसेल."

माझं डोकं फिरलं. बाईचं रक्त वाढलं नाही की बाईच खोटारडी! शिसं अंगात असलं की रक्त तयारच नीट होत नाही, मग लोहाच्या गोळ्यांचा डोंगर खाल्ला तरी काय उपयोग? "उद्या तिला घेऊन ये," म्हटलं. सुजाता आली. बारीक, हसरी, डोळ्यांखाली पांढरीफटक, सहावा महिना चालू.

एचआरच्या पाटील साहेबांपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही.

"मॅडम, तुम्ही आता कुणाच्याही बायकोचं रक्त काढणार का? ती आपली एम्प्लॉयी नाही."

"ती आपली नाही. पण शिसं आपलं आहे."

"कशावरून? घराला रंग दिला असेल, पाणी असेल, मिश्री लावत असेल. हजार कारणं असतात."

माणूस आडमुठा, पण बोलत होता ते अगदीच चुकीचं नव्हतं. "म्हणून तर घर बघायला चाललेय," मी म्हणाले आणि स्कूटी काढली.

मला दम निघत नव्हता. पोटातलं बाळ काही आमच्या मीटिंगसाठी थांबत नाही. दर दिवशी त्याचा मेंदू घडत असतो आणि दर दिवशी त्याला आईकडून शिसं जात असतं. बरं, औषध देऊन शिसं काढावं तर गरोदरपणात ते औषधही जपून वापरावं लागतं. खरा उपाय एकच. शिसं येतंय कुठून ते शोधायचं आणि बंद करायचं.

सातपूरकडच्या कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली झकपक पुसलेली फरशी. मी सगळं पाहिलं. रंग ताजा, चांगल्या कंपनीचा. पाणी नळाचं, तेच सगळी गल्ली पिते. मिश्री नाही, काजळ नाही, हळद-मसाला घरचा. किशोर कामावर मास्क लावतो, कारखान्यात अंघोळ करून येतो. युनिफॉर्म आठवड्याला एकदा घरी येतो आणि सुजाता तो हाताने धुते. ते वाईटच. पण तेवढ्यावर आकडा एवढा चढायला नको. मी पुरती चिडले होते. सासूबाई निफाडकडच्या, तोंडाने फटकळ. त्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या.

"बाई, तुमी काय पोलीस हायेत का? बसा, च्या घ्या."

मी बसले. ज्यावर बसले ती गोधडी होती, जाड, मऊ, राखाडी-निळ्या ठिगळांची. कोपऱ्यात सुजाताचं शिवणकाम पडलेलं. तिने ते उचललं, दोरा दाताने तोडला आणि कापड फटकन झटकलं. खिडकीच्या उन्हात बारीक धूळ उडाली.

मी कप खाली ठेवला. "हे कापड कसलं?"

"ह्यांचे जुने युनिफॉर्म," सुजाता म्हणाली. "बाळाची दुपटी शिवतेय. बाळाला नवं कापड घालत नाहीत ना आपल्यात. जुनंच, मऊ झालेलं."

"हातातलं दुपटं खाली ठेव. आत्ताच्या आत्ता."

सासूबाई उसळल्या. "का वं? आमच्या घरातली सगळी पोरं वाकळंवर वाढली. नवं कापड अंगाला लागलं का पोर किरकिर करतं!"

"आजी, जुनंच घाला ना. तुमचं लुगडं घाला. हे नको."

"कुठलं लुगडं? साड्या समद्या पालिस्टरच्या. सुती कापड ऱ्हायलंय कोणाच्या घरात? कंपनीचंच तेवढं सुती हाय, अन् लय टिकतं."

त्यांचं खरंच होतं. तान्ह्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात मऊ कापड त्यांनी निवडलं होतं. वर्षानुवर्षं शिशाची पूड खाल्लेलं ते कापड कितीही धुतलं तरी पूड शिवणीत, काजात बसलेली. सुजाता ते फाडत होती, झटकत होती, त्याचा दोरा दातात धरत होती, रात्री त्याच कापडाच्या गोधडीवर झोपत होती. अख्ख्या गल्लीत तिच्या टाक्याला तोड नव्हती, म्हणून दुसऱ्या कामगारांच्या बायकाही आपल्या नवऱ्यांचे जुने युनिफॉर्म तिच्याकडेच आणून द्यायच्या.

"अजून कुणाकुणाला असल्या गोधड्या शिवून दिल्यास?" मी विचारलं. तिचा चेहरा उतरला. शेजारची बाळंतीण. नणंद. मागच्या गल्लीतली जुळी.

दुसऱ्या दिवशी मी पाटील साहेबांच्या समोर उभी राहिले. जुने युनिफॉर्म परत घ्यायचा नियम कंपनीत होता की!

"युनियनच मागते जुने कपडे," ते म्हणाले. "आम्ही काय, उदार मनाने देतो. भांडण कशाला?"

"आता भांडण माझ्याशी आहे. घातक कचऱ्याच्या जाड पिशव्या द्या. आणि उद्यापासून युनिफॉर्म इथेच धुवायचे. नाहीतर फॅक्टरी इन्स्पेक्टरला मी स्वतः सांगते."

पिशव्या मिळाल्या. पण गोधड्या गोळा करायला मी दारात गेले की लोक दार लोटायचे. बाळाच्या अंगाखालची गोधडी परक्या बाईला कोण देईल? अपशकुन मानतात. शेवटी सासूबाई पदर खोचून माझ्या पुढे निघाल्या. प्रत्येक दारात एकच वाक्य: "आमच्या सुनंनं शिवलेली वाकळ द्या माघारी, तिच्यात इख हाय." सुनेच्या हाताचं कौतुक सांगत फिरलेली बाई त्याच गल्लीतून मान खाली घालून फिरली. मला त्यांचा मनापासून आदर वाटला. तिथल्या लेकरांची तपासणीही मी करून घेतली. जुळ्यांचे आकडे चढलेले होते.

मग वाट बघणं. तेच मला जमत नाही. सुजाताला कॅल्शियम, लोह, दूध, नाचणी चालू केलं. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी बाहेर निघतं, त्याच्याबरोबर शिसंही निघतं. आईला पुरेसं कॅल्शियम मिळालं तर हाडं कमी झिजतात. मी किशोरला कामाच्या मध्येच गाठून विचारायची, "दूध पिते का? पोट दुखतं का?" तो वैतागून म्हणाला, "मॅडम, माझ्या सासूनं पण इतकं विचारलं नाही." आकडा हळूहळू उतरला. एचबी चढलं. पोटदुखी थांबली.

मुलगी झाली. वजनाला किंचित कमी, आवाजाला खणखणीत. नाळेतलं रक्त तपासलं. मला वाटत होतं त्यापेक्षा आकडा बराच कमी आला. पण शून्य नाही आला.

हे मी सुजाताला सांगितलं तेव्हा तिचा मोठा मुलगा यश पलंगाच्या कडेला बसला होता. पहिलीत आहे. उशिरा बोलायला लागला, एका जागी बसत नाही, शाळेतल्या बाई रोज तक्रार करतात. त्याच्या वेळेलाही किशोर पेस्टिंगमध्येच होता आणि दुपटीही त्याच कापडाची होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हा मुळातच असा आहे, का माझ्या शिवणानं झाला?"

"तू काही केलेलं नाहीस," मी म्हणाले. ते खरं होतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, आणि ते उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नाही. एकेकट्या लेकराकडे बोट दाखवून हे शिशामुळे, हे नाही, असं सांगता येत नाही. घरी जाताना सिग्नलला उभी राहून मी रडले.

आता युनिफॉर्म कंपनीतच धुतात, जुने झाले की कंपनीतच नष्ट करतात. पाटील साहेब पाहुण्यांना हेही अभिमानाने सांगतात. सांगोत बापडे. आमच्या गेटवर सुटी झाली की प्रत्येकाची झडती होते. खिशात शिशाचा एवढासा तुकडा सापडला तर नोकरी जाते, कारण त्याला भंगारात भाव आहे. इतकी वर्षं कपड्यांतून जे शिसं बाहेर गेलं, त्याला भाव नव्हता. म्हणून ते कुणी अडवलं नाही.